निवड झाली, आता पाठवायचं का? एका साडेदहा वर्षांच्या मुलीचं प्रकरण

प्रवेशाचा फॉर्म भरायला बारा दिवस उरले असताना हे आईवडील माझ्याकडे आले. मुलगी पाचवीतली, साडेदहा वर्षांची. शाळेनंतर भरणाऱ्या एका प्रगत गणित-विज्ञान कार्यक्रमाची निवड चाचणी तिनं दिली होती आणि यादीत नाव आलं होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेचार ते पावणेसात. वर्षाची फी एकदम भरायची आणि पंधरा दिवसांनंतर परत मिळणार नाही, अशी अट. बाबांचं मन झालेलं होतं. आई गप्प होती. ती ‘नाही’ म्हणत नव्हती, पण फॉर्म तिच्याच पर्समध्ये आठवडाभर पडून होता.

पालकांचं समुपदेशन करताना असा प्रसंग दरवर्षी येतो. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण यात दोघंही पालक विचारी होते, कार्यक्रम चांगला होता, मुलगी हुशार होती, आणि तरीही पहिल्या भेटीत आम्ही तिघं भलत्याच प्रश्नावर बोलत होतो. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

तो प्रश्न होता, “तिला झेपेल का?” बाबा म्हणत होते, झेपेल म्हणूनच निवड झाली. आई म्हणत होती, आज झेपेल, पुढं काय? पण झेपण्याचं उत्तर चाचणीनं बरंचसं दिलेलं असतं. चाचणीला जे सांगता येत नाही ते वेगळंच आहे: तिथल्या तासांत मूल नेमकं काय करणार, आणि ते तास कशातून काढले जाणार. पुढचे बारा दिवस आम्ही या दोनच गोष्टींच्या मागे लागलो.

आधी तासांचा हिशेब केला. माहितीपत्रकात ‘आठवड्याला पावणेसात तास’ असं लिहिलं होतं, आणि बाबांच्या डोक्यात तोच आकडा होता. जाऊन-येऊन सत्तर मिनिटं, तीन दिवसांचे साडेतीन तास, हे कुणी धरलंच नव्हतं. गृहपाठ पत्रकानुसार तीन तासांचा. मी आईला सुचवलं की आत्ता तिथं मुलं असलेल्या दोन घरांत विचारा, आणि ‘किती वेळ लागतो’ असं विचारू नका, ‘काल किती वाजता वह्या मिटल्या’ असं विचारा. दोन्ही घरांतल्या उत्तरांवरून आठवड्याचे पाच तास निघाले. एकूण झाले सव्वापंधरा.

मग मुलीचा आत्ताचा आठवडा मांडला. शाळेतून आल्यावर चार ते नऊ, म्हणजे पाच दिवसांचे पंचवीस तास. त्यातून शाळेचा अभ्यास पावणेचार तास, दोन दिवसांचं बास्केटबॉल तीन तास, जेवण-अंघोळ-आवराआवर पाच तास. उरले सव्वातेरा. कार्यक्रमाला हवेत सव्वापंधरा. बाबा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. त्यांचा स्वतःचा व्यवसाय हिशेबाचा, त्यामुळे समजावून सांगायची गरज पडली नाही. सगळा मोकळा वेळ दिला तरी दोन तास कमी पडत होते.

हे दोन तास साधारणपणे झोपेतून जातात. मुलगी सव्वानऊला झोपायची, सव्वासहाला उठायची: नऊ तास. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननं २०१६ साली तज्ज्ञांच्या सहमतीनं ज्या शिफारशी केल्या, त्यात ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला ९ ते १२ तास झोप सांगितली आहे. म्हणजे ही मुलगी आधीच खालच्या काठावर उभी. माझ्यापुरती ही बाब तडजोडीची नाही. दिवसा शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो, त्यामुळे जास्त शिकवण्यासाठी झोप कापणं म्हणजे एका हातानं भरून दुसऱ्या हातानं ओतून देणं.

इथं थांबलो असतो तर उत्तर सोपं होतं. पण रिकामे तास म्हणजे वाया गेलेले तास नव्हेत, तसेच ते आपोआप मोलाचेही नसतात. त्या सव्वातेरा तासांत मुलगी करते काय, हे आईलाही नीट माहीत नव्हतं. मी तिला एक आठवडा फक्त बघायला सांगितलं, टोकायचं नाही आणि कौतुकही करायचं नाही.

आठवड्यानंतर आई एक वही घेऊन आली. आणि या प्रकरणाची दिशा त्या वहीनं बदलली. जुन्या वहीची मागची पानं होती ती. एका पानावर लिहिलं होतं: १, मग १+३=४, १+३+५=९, १+३+५+७=१६. खाली ठिपके. एक ठिपका, त्याला दोन बाजूंनी चिकटलेले तीन, मग त्या चौकटीला काटकोनात लागलेले पाच. विषम संख्यांची बेरीज दरवेळी वर्गसंख्या का येते, हे तिनं ठिपक्यांनी पाहून घेतलं होतं: प्रत्येक पुढची विषम संख्या चौकोनाच्या दोन बाजूंवर पांघरूण घातल्यासारखी बसते आणि चौकोन एकेका रांगेनं वाढतो. शाळेत हे कुणी शिकवलं नव्हतं. पुढच्या पानावर समसंख्यांचा तोच प्रयोग होता, २, ६, १२, २०, आणि शेजारी फक्त एक प्रश्नचिन्ह.

आई म्हणाली, “मला वाटायचं नुसती चित्रं काढत बसते.”

शाळेत तिचं काय चालतं तेही विचारलं. वर्गशिक्षिकेनं सरळ सांगितलं की गणिताच्या तासाला ती दहा मिनिटांत उदाहरणं संपवते आणि मग खिडकीबाहेर बघते. हे महत्त्वाचं आहे. ‘बालपण हरवेल’ म्हणून मुलांना काहीच न देणारे पालक ही बाजू विसरतात. रोज अर्धा तास निमूट बसून राहायची सवय लागलेलं मूल एक धडा शिकत असतं: गणित म्हणजे कष्ट न पडता येणारी गोष्ट. पुढं कधीतरी खरोखर अवघड गणित समोर आलं की अशी मुलं पटकन मोडतात, कारण अडून बसण्याचा सरावच नसतो. त्यामुळे काही न करणं हा पर्यायही फुकटचा नव्हता, आणि आईला मी हे तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. तिच्या नकारामागे तिचं स्वतःचं लहानपण होतं, रात्री आठपर्यंतच्या शिकवण्या, पोटदुखी, हे तिनंच नंतर सांगितलं. ते खरं होतं, पण ते तिचं होतं, मुलीचं नव्हतं.

बाबांच्या हातात मात्र शाळेतले सत्त्याण्णव गुण होते आणि ते पुन्हा पुन्हा तिथंच येत होते. शाळेच्या प्रश्नपत्रिकेला छत असतं. सगळे प्रश्न सोपे जाणाऱ्या दोन मुलांत एक जण छतापाशी थांबलेला असतो आणि दुसऱ्याला अजून कितीही वर जाता आलं असतं. गुण दोघांचे सारखेच दिसतात. मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९७१ साली गणितात विलक्षण पुढं असलेल्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास सुरू केला, त्याची युक्ती हीच होती: महाविद्यालयात जाणाऱ्यांसाठी असलेली एसएटी परीक्षा बारा-तेरा वर्षांच्या मुलांना द्यायची. आपापल्या वर्गात पहिली असलेली मुलं तिथं लांबवर विखुरतात. या अभ्यासातल्या मुलांचा पुढं अनेक दशकं मागोवा घेतला गेला, आणि फार पुढं असलेल्या मुलांना अभ्यासक्रमात वेगानं पुढं नेलं तर त्यांचं भलंच होतं, असं त्यातून दिसत आलं आहे. म्हणून ‘पुढचं शिकवू नका, कोवळं मन करपेल’ असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण ही मुलगी त्या गटात होती का? आम्ही कार्यक्रमाकडून तिच्या निवड चाचणीची फोड मागवली. चाळीस प्रश्नांपैकी वीस तिच्या इयत्तेचे, वीस दोन इयत्ता पुढचे. पहिल्या विसांत तिचे एकोणीस बरोबर, दुसऱ्या विसांत अकरा. म्हणजे वर्गाच्या पुढं नक्कीच, पण दोन वर्षांचा अभ्यासक्रम जिच्यासाठी निरर्थक झालाय अशी नाही. तिला घाईनं पुढं न्यायची निकड नव्हती. तिला आहे त्याच गणितात खोल उतरायला जागा हवी होती. वेगानं पुढं नेणं आणि खोलात उतरवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ‘प्रगत’ या एका शब्दाखाली दोन्ही विकली जातात. तुमच्यासमोरचा कार्यक्रम यातला कोणता, हे माहितीपत्रकात सापडत नाही. ते मुलांच्या हातातल्या कागदावर सापडतं.

आम्ही तो कागद मागितला. पहिल्या महिन्यातल्या सरावपत्रिकांपैकी एक मिळाली: चाळीस प्रश्न, पंचवीस मिनिटं, शेकडेवारी आणि सोपी समीकरणं, सगळं सातवीच्या पातळीचं. मुलीनं घरी सोडवून पाहिली. एकतीस बरोबर, न शिकवता. बाबा खूष झाले, आणि त्यांचा आनंद रास्त होता. मग मी तिला एकच प्रश्न दिला. चौसष्ट घरांचा बुद्धिबळाचा पट घ्यायचा, तिरक्या रेषेत समोरासमोर येणाऱ्या दोन कोपऱ्यांतलं एकेक घर कापून टाकायचं. उरलेली बासष्ट घरं, एका वेळी शेजारची दोन घरं झाकणाऱ्या एकतीस पट्ट्यांनी पूर्ण झाकता येतील का? येत असतील तर कशी, येत नसतील तर का नाही? वेळेची मर्यादा नाही, उत्तर माझ्याकडे आणायचं नाही, घरी ठेवायचं.

चार दिवस तो पट त्यांच्या घरात जमिनीवर पडून होता. पहिल्या दिवशी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या. दुसऱ्या दिवशी ती वैतागली, म्हणाली की दरवेळी दोनच घरं उरतात. तिसऱ्या दिवशी तिनं पटाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी जेवताना उठून पटाकडे गेली, कारण तिच्या लक्षात आलं की उरणारी ती दोन घरं कायम एकाच रंगाची असतात. कापलेले दोन्ही कोपरे एका रंगाचे, म्हणून एका रंगाची तीस घरं राहतात आणि दुसऱ्याची बत्तीस. प्रत्येक पट्टी मात्र दोन्ही रंगांचं एकेक घर झाकते. तेव्हा कितीही प्रयत्न केले तरी शक्यच नाही. बाबांनी मला फोन करून हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता. ते म्हणाले, “मॅडम, तिसऱ्या दिवशी मी उत्तर सांगून टाकणार होतो.”

निर्णय तिथंच झाला असं वाटेल, पण तसं झालं नाही. बाबांचा खरा मुद्दा अजून शिल्लक होता: चांगल्या मुलांत राहिली की ती आणखी चांगली होईल. यात तथ्य आहे. बरोबरीची मुलं भेटणं ही अशा कार्यक्रमांची सर्वात मोठी देणगी असते, कधीकधी शिकवण्यापेक्षाही मोठी. पण त्याची दुसरी बाजू मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांच्या संशोधनात आहे. १९८७ च्या त्यांच्या निबंधात या परिणामाला लहान तळ्यातल्या मोठ्या माशाची उपमा आहे. सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली, तर ज्याच्या भोवतालचा वर्ग सरासरीनं अधिक हुशार, त्या मुलाचं स्वतःच्या अभ्यासाविषयीचं मत खालावलेलं आढळतं. मूल कमी हुशार होत नाही, स्वतःला कमी समजू लागतं. काही मुलांना हे पचतं, उलट बरं वाटतं. पण त्या कार्यक्रमात दर पंधरा दिवसांनी चाचणी होऊन क्रमवारी भिंतीवर लागायची, आणि आत्तापर्यंत वहीच्या मागच्या पानांवर कुणालाही न दाखवता गणित करणारी ही मुलगी होती.

क्रमवारीविषयी माझी धास्ती निराधार नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांना स्केचपेननं चित्रं काढायला मुळातच आवडतं अशी बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते नंतर अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढं मोकळ्या वेळात पाहिलं तर आधीच बक्षिसाचं कबूल केलेली मुलं चित्रांवर इतरांच्या जवळपास निम्मा वेळ घालवत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांत ही घट दिसली नाही. ज्या मुलाला विषयाची गोडीच नाही त्याला बक्षिसानं सुरुवात करून देणं वेगळं; जिथं गोडी आधीच आहे तिथं बक्षीस टांगताना हात आखडता घ्यावा.

मुलीला काय हवं होतं? “जायचं का?” या प्रश्नाला तिनं पहिल्या दिवशीच “हो” म्हटलं होतं, आणि सगळे त्या ‘हो’वर विसंबून होते. मी तिला आठवड्याचा कोरा तक्ता आणि रंगीत खडू दिले. म्हटलं, तू तिथं जाते आहेस असं धर आणि आठवडा भर. तिनं क्लासचे तीन चौकोन निळे केले, प्रवास करडा, गृहपाठ निळाच. मग हिरवा खडू हातात घेऊन बसून राहिली. हिरवा कशासाठी, असं विचारल्यावर म्हणाली, “ताई, माझ्या वहीसाठी.” रविवारी दुपारी एक चौकोन सापडला, तो तिनं अर्धाच रंगवला. क्लासला का जायचंय, असं विचारल्यावर तीन गोष्टी सांगितल्या: मैत्रीण जाणार आहे, नमुना तासाला सरांनी केलेला प्रयोग आवडला, आणि यादीत नाव बघून बाबा फार खूष झाले. तिन्ही कारणं खरी होती. तिसरं सांगताना आवाज खाली गेला.

शेवटचं काम बाबांनी स्वतः केलं. कार्यक्रमाच्या चालकांना विनंती करून चाळीस मिनिटं एका तासाला मागं बसून आले. शिक्षक उत्तम होते, हे त्यांनी आधी सांगितलं. नेटकं शिकवणं, मुलं गुंगलेली. मधे एका मुलानं विचारलं, “सर, हे असं का होतं?” सर म्हणाले, ते पुढच्या वर्षी बघू, आत्ता पद्धत लक्षात ठेव. बाबा म्हणाले, त्यांचं चुकलं नाही, त्यांना पत्रिका संपवायची होती. पण आमची मुलगी दिवसभर तेवढंच विचारते.

फॉर्म भरला नाही. पण ‘नाही’वर थांबायचं नाही, हेही ठरलं. वर्गशिक्षिकेशी बोलून गणिताच्या तासाला काम संपल्यावर तिला आठवड्याला एक अवघड प्रश्न मिळू लागला, उत्तरासाठी आठ दिवस. त्याच कार्यक्रमाचा एक पूरक गट दर दुसऱ्या शनिवारी दोन तास भरतो, लहानमोठी मुलं एकत्र बसून कोडी सोडवतात, चाचणी नसते. त्याला नावलौकिक नाही, म्हणून पालक तिकडं फारसे बघत नाहीत. तिथं तिचं नाव घातलं. आणि तीन खुणा लिहून ठेवल्या, दर महिन्याला बघायच्या: झोप नऊ तासांखाली आठवड्यात दोनदापेक्षा जास्त गेली का, शनिवारच्या सकाळी पोट दुखतं का, आणि वही उघडली जाते का. तिसरी खूण बिघडली तर बाकी सगळं ठीक असूनही फेरविचार करायचा.

एक गोष्ट माझ्याकडून सुटली. मैत्रीण क्लासला जाऊ लागली. दीड महिन्यात ती समीकरणांविषयी बोलू लागली आणि या मुलीला त्यातलं काही कळेना. एका संध्याकाळी ही मुलगी खूप रडली; “मला का नाही पाठवलं?” असं आईला विचारलं. तिच्या ‘हो’मधलं मैत्रिणीचं कारण मी ऐकलं होतं, तरी त्याला पुरेसं वजन दिलं नव्हतं. निर्णय मोठ्यांनी घेतला आणि तिला कळवला, असंच तिच्या बाजूनं झालं होतं. तक्ता तिच्याकडून भरून घेतला, पण तो समोर ठेवून ‘यावरून आपण काय ठरवूया’ असं तिला विचारायला हवं होतं, ते राहिलं. आईनं त्या दिवशी ‘तू तिच्यापेक्षा हुशार आहेस’ असलं काही म्हटलं नाही, हे फार बरं केलं. ती म्हणाली, तिलाच विचार ना, शिकवेल तुला. मैत्रिणीनं शिकवलं. बदल्यात हिनं तिला पटाचं कोडं घातलं.

आता वर्ष होत आलंय. वही चालू आहे. समसंख्यांच्या पानावरचं प्रश्नचिन्ह खोडलेलं आहे आणि तिथं चौकोनाऐवजी एका बाजूनं एक ठिपका जास्त असलेले आयत आहेत, १×२, २×३, ३×४. शाळेतला आठवड्याचा प्रश्न मध्यंतरी दोन महिने बंद पडला होता, शिक्षिका रजेवर होत्या. शनिवारचा गट तिनं एकदाही चुकवलेला नाही. नव्या वर्षाच्या निवड चाचणीचं पत्रक आलं तेव्हा या वेळी तिनंच ते बाबांपुढं ठेवलं आणि चाचणी द्यायची असं सांगितलं. दिली, निवड झाली. पुढच्या पातळीवरच्या विसांपैकी या खेपेस सोळा.

मागच्या आठवड्यात तिघं आले होते. तक्ता तिनं घरूनच भरून आणला होता. प्रवास करड्या रंगात, मिनिटांसकट. शुक्रवारचा चौकोन रिकामा, कारण तीनऐवजी दोनच दिवस यायची परवानगी मिळते का हे तिला विचारायचंय, आणि पत्र तिनंच लिहिलंय. सही बाबांची हवी म्हणून ते मागं बसून वाचत होते. फॉर्म भरायला अजून नऊ दिवस आहेत.